तीन ठोके म्हणजे लगेच ये

मिक्सिंगवाल्याने विचारलं ते तसं साधंच होतं. गाणं बाहेर पडताना कुणी गायलं, कुणी काय वाजवलं याची यादी त्याखाली द्यावी लागते, आणि त्या यादीत एकच जागा रिकामी राहिली होती. त्याने लिहिलं होतं, 'खालचा ठोका कशावर घेतलाय? लाकूड म्हणावं तर मागे बारीक पत्रा वाजतो. आणि वाजवलाय कुणी? नाव कळव.'

धाकटीने 'टेबल' असं लिहिलं आणि पुसलं. 'मीच' असं लिहिलं, तेही पुसलं. मग फोन पालथा घातला आणि बाबांच्या गोळ्या काढायला उठली. गोळ्यांची वेळ व्हायला अजून अर्धा तास होता.

घरात तिला धाकटी म्हणत. पडद्यावर ती खारूताई होती. दुपारचे दोन वाजले की ती नेमाने आपल्या खोलीत हेडफोन चढवून बसायची, गेम लावायची, आणि तिचा खेळ इंटरनेटवर थेट बघायला कुठून कुठून माणसं जमायची. त्यांना ती शेंगदाणे म्हणे. "या शेंगदाण्यांनो, बसा," अशी तिची सुरुवात. गेम म्हणजे शंभर मजले खोल विहीर, आणि कंदील घेऊन त्यात उतरणारा एक बुटका. हा बुटका पावलोपावली मरायचा. तो मेला की खारूताई मांडीवर गिटार ओढायची आणि त्याच्या मरणावर तिथल्या तिथे एक ओळ गायची. आठवडाभरातल्या मरणांच्या ओळी जोडल्या की एक गाणं व्हायचं. सुरुवातीला ही सगळी थट्टाच होती. पण हळूहळू लोक खेळापेक्षा मरणाची वाट बघायला लागले. एकाने तर लिहिलं होतं, 'ताई, आज नीट खेळू नका, कडवं अडलंय.'

तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे बाबांची खोली.

बाबा रेल्वेच्या यार्डात चाकं वाजवून बघायचे. गाडी उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एकेका चाकावर ठोका मारायचा आणि कान द्यायचा. चाक अख्खं असेल तर आवाज लांबपर्यंत जातो, तडकलेलं असेल तर तिथल्या तिथे बसतो. तडा सापडला की त्या चाकावर खडूने फुली मारायची. मग गाडीला कितीही उशीर होवो, ते चाक पुढे जायचं नाही. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. आई गेली तेव्हा ते नोकरीतच होते. दोन वर्षांपूर्वी मात्र झटका आला, उजवी बाजू आणि जीभ दोन्ही जड झाली. काही महिन्यांत चालायला लागले, बोलायलाही लागले, पण हाक मारायची म्हटली तर आवाज दारापर्यंत पोचेना.

तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. भिंतीवर एक ठोका म्हणजे मी बरा आहे. दोन म्हणजे सवडीने ये. तीन म्हणजे लगेच ये. "यार्डात याहून कमी शब्दांत काम भागायचं," असं म्हणून ते त्या जड जिभेने हसले होते.

पुढचं घडलं ते आता सात महिन्यांपूर्वी.

त्या दुपारी बुटका त्र्याण्णवाव्या मजल्यावर होता. इतक्या खाली आजवर कुणीच पोचलं नव्हतं. ही बातमी कशी कोण जाणे पसरली आणि नेहमीच्या सात-आठशेंच्या जागी अकरा हजार माणसं येऊन बसली. सव्वातीनच्या सुमाराला बुटका मेला, तिने गिटार उचलली, आणि तिच्या कानात ठोके पडले. तीन. मग जरा थांबून पुन्हा तीन.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा लागतो, म्हणून माइकमध्ये जाईल ते सगळं तिच्या हेडफोनमध्येही यायचं. ठोके तिला नुसते ऐकू आले नव्हते, भिंतीला कान लावल्यासारखे ऐकू आले होते.

आदल्याच आठवड्यात बाबांनी तीन ठोके मारले होते आणि ती स्ट्रीम तशीच सोडून धावत गेली होती. टीव्हीचा रिमोट पलंगाखाली गेला होता. तिने रिमोट काढून दिला होता, चिडली नव्हती, पण मनात कुठेतरी नोंद झाली होती. बाबांचं 'लगेच' काही खरं नाही. आता ती मनात म्हणाली, एवढी ओळ होऊ दे, मग उठते.

ओळ गायली. ठोके चालूच होते, आणि ओळ नकळत त्यांच्यावरच बसली. तीन ठोके, मध्ये ती, तीन ठोके, मध्ये ती. चॅटमध्ये नुसता धबधबा सुरू झाला. 'खाली कोण वाजवतंय?' 'ताई, हे काय काढलंत, काटा आला.' 'थांबू नका.' ती थांबली नाही. बुटका मरत राहिला, ती गात राहिली आणि भिंत ठोके देत राहिली. पुढे ठोके विरळ झाले, मग बंद पडले. तेव्हा तिला बरं वाटलं. हे तिला नंतर कधीही विसरता आलं नाही, की त्या वेळी तिला बरं वाटलं होतं. चला, बाबांना हवं ते मिळालेलं दिसतंय.

चार वाजता ती उठून गेली. बाबा पलंग आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत आडवे पडले होते, एक पाय अंगाखाली मुडपलेला. हातात चष्म्याचं पत्र्याचं घर होतं, कोपरे चेपलेलं. भिंतीवरच्या रंगाचे टवके त्यांच्या केसांत पडले होते. खुबा मोडला होता.

थोरली, तिची बहीण, दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या दुकानात कामाला. ती पांढऱ्या कोटातच दवाखान्यात धावत आली आणि पहिलं तिने विचारलं, की तू घरात होतीस ना? धाकटी म्हणाली, "कानाला हेडफोन होते गं. ऐकूच आलं नाही."

थोरलीला पटलं. कानावर एवढाल्या वाट्या चढवल्यावर कुणाला काय ऐकू येणार? डॉक्टरांनाही पटलं. आणि स्ट्रेचरवर पडलेले बाबा, ते तर म्हणाले, "तिला बोलू नका. मीच हळू ठोकलं असणार. हातात जोरच नव्हता."

तिथे तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. आणि नंतर प्रत्येक दिवस ते उघडणं आणखी अवघड करत गेला.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण बाबा वॉर्डात होते त्याच आठवड्यात त्या दुपारचा तुकडा लोकांनी कापून इकडे तिकडे पाठवला. माणसं मागेच लागली, की ते ठोक्यांचं गाणं पूर्ण करा. धाकटीने रेकॉर्डिंग उघडलं. सुरुवातीचे ठोके स्वच्छ होते, एकसारखे, खणखणीत. तिने तेवढेच कापून घेतले, एकापुढे एक लावले, आणि त्यावर बुटक्याच्या सगळ्या ओळी गायल्या. हे तिने रडत रडत केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ती रडली नाही. गाणं फार चांगलं होत होतं.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. बाबांकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई ते गुणगुणत जिना चढत. एका कंपनीने ते नीट मिक्स करून, हॉलमध्ये कार्यक्रम करून बाहेर काढायचं ठरवलं. गेम खेळणारी पोरगी गायिका झाली असं लोक म्हणायला लागले. आणि गावभर वाजलेलं ते गाणं एका माणसाने तेवढं ऐकलं नव्हतं.

बाबांचा फोन साधा, बटणांचा. ते विचारायचे, "तुझं गाणं ऐकव की." ती म्हणायची, "पूर्ण झालं की ऐकवते, बाबा." ते मान हलवायचे. अर्धवट काम दाखवू नये हे त्यांना पटायचं. जन्मभर कारागिरांत राहिलेला माणूस. त्यांचं ते पटणंच तिला टोचायचं. तिला पक्कं ठाऊक होतं, की चौतीस वर्षं ठोके ऐकलेल्या त्या कानाला तीन ठोके पुरे होते. चौथ्याची गरज पडणार नव्हती.

भिंत आता गप्प होती. थोरलीने बाबांच्या उशाशी बटणाची घंटी बसवली होती, ती दाबली की धाकटीच्या टेबलावर लाल दिवा लागायचा. बाबा तो फारसा लावत नसत. "उगाच तुझ्या कामात," म्हणायचे.

कार्यक्रम शनिवारी होता आणि पहिल्या रांगेतली खुर्ची बाबांची होती. मंगळवारीच त्यांनी थोरलीकडून निळा शर्ट इस्त्री करून घेतला आणि कपाटाच्या मुठीला टांगून ठेवला. आडवं पडलं की दिसावा असा.

म्हणून त्या मंगळवारी, मिक्सिंगवाल्याला उत्तर न देता, धाकटीने त्यालाच उलट विचारलं, की तो ठोका काढून तिथे साधा ढोल घालता येईल का. तो म्हणाला, येईल, पण का? हाताने गळा कशाला दाबतेस गाण्याचा? ती म्हणाली, मला तो आता आवडत नाही. त्याने फार हुज्जत घातली नाही. बुधवारी ढोल घातलेलं गाणं आलं. व्यवस्थित होतं, ताल चोख होता. धाकटीने सुस्कारा सोडला. आता शनिवारी काही होणार नव्हतं. बाबांना आजच ऐकवून टाकावं, म्हणजे हॉलमध्ये ऐकताना त्यांना नवं काही राहणार नाही.

दुपारची जेवणं झाल्यावर ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली आणि छोटा स्पीकर उशीशी ठेवला. बाबांनी चष्मा काढून त्या चेपक्या पत्र्याच्या घरात ठेवला. ऐकताना ते डोळे मिटत. गाणं सुरू झालं, चाललं, संपलं. बाबा तसेच पडून राहिले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "आवाज मोठा झालाय तुझा. आईवर गेलाय."

ती स्पीकर उचलायला लागली.

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. या वेळी त्यांचं डावं बोट चादरीवर हलत होतं. बोट ढोलाबरोबर चालत नव्हतं. ढोल जिथे वाजायचा तिथे ते थांबायचं आणि दुसरीकडेच पडायचं.

"यातून काय काढलंस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. का?"

"काढलंयस." ते शब्द शोधत सावकाश बोलले. "चाक अख्खं आहे, पण वाजत नाहीये. तू मध्ये मध्ये थांबतेस. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. आणि जो येतो, तो वेगळाच. ज्याची वाट बघतेस, तो कोण होता?"

खोटं तयार होतं, सात महिन्यांत ते चांगलं घोटून झालं होतं. पण समोर तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा नुसता ऐकत होता. तिने फोन घेतला आणि जुनं गाणं लावलं.

तीन ठोके. जरा थांबून तीन.

बाबांनी डोळे उघडले. हात आपसूक चष्म्याच्या घराकडे गेला आणि त्यावर तसाच राहिला. गाणं संपलं. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"म्हणजे माइकमध्ये गेलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"तुला नंतर सापडलं."

त्यांनी तिच्यासाठी दार उघडूनच दिलं होतं. हो म्हटलं असतं तर निभावलं असतं, आणि ते त्यांनी मुद्दाम केलं की भोळेपणाने, हे तिला पुढेही कधी कळलं नाही.

"नाही बाबा. तेव्हाच ऐकू आलं होतं. हेडफोनमध्ये माइक ऐकू येतो."

"कितव्यापासून?"

"पहिल्यापासून."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. रंगाचे टवके गेलेल्या त्या जागेकडे बघत ते म्हणाले, "बंद झाले तेव्हा काय वाटलं तुला?"

"वाटलं, तुम्हाला हवं होतं ते मिळालं असेल."

मग ते म्हणाले, "मी सगळ्यांना सांगितलं, की मीच हळू ठोकलं."

"हळू नव्हतं, बाबा. खणखणीत होतं."

"हं," बाबा म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं." आणि तिला म्हणाले, आता जा.

त्या दिवशी दोन वाजले, पण खारूताई आली नाही. धाकटी थोरलीच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकं गेल्यावर काउंटरच्या अलीकडे उभी राहून तिने तेच सगळं पुन्हा सांगितलं. थोरली ओरडली नाही. गोळ्यांची पाकिटं एकावर एक लावत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, की त्यांना ती घंटी आणून देताना मी तुझी कीव केली होती. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायला लागली.

गुरुवारी सकाळी बाबांनी बोलावलं. घंटी दाबून नव्हे; ते वॉकर ढकलत स्वतःच तिच्या दारात आले होते. म्हणाले, त्या दिवशीचं सगळं लाव. गाणं नको, सगळं.

तिने रेकॉर्डिंग लावलं आणि खुर्ची त्यांना देऊन स्वतः खाली बसली. शेंगदाण्यांना मारलेल्या हाका, बुटक्याचं किंचाळणं, तिचं हसणं, आणि त्या सगळ्याखाली ठोके. बाबा यार्डात ऐकत तसे, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "इथे हात बदलला." पुढे म्हणाले, "इथे तू हसलीस ते मला ऐकू आलं होतं. वाटलं, हसतेय, म्हणजे आता येईल." धाकटीने गुडघ्यात तोंड घातलं. ठोके तिनाचे दोन झाले, सावकाश झाले, मग एकेकटा पडायला लागला. शेवटचा इतका हलका होता, की तो तिने आजवर ऐकलाच नव्हता. रेकॉर्डिंग सात महिने तिच्याकडे होतं आणि इथवर ती कधी आलीच नव्हती.

"गाण्यात मी दमतच नाही," बाबा म्हणाले.

ती म्हणाली, मी गाणं मागे घेते, कंपनीला कळवते, शनिवारचं रद्द. बाबांनी हात हलवला. "तडकलेलं चाक आम्ही पुरून नाही ठेवायचो. खडूने फुली मारायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला पाहिजे, की इथे तडा आहे." मग वॉकरवर भार देऊन उठले. "शनिवारी मी येणार नाही. तू गा. पण दमलेले पण घाल. आणि फुली मार."

ती त्यांच्यामागे जायला उठली तर म्हणाले, "नको. जमतंय मला." दारातून आत जाताना वॉकरचं एक पाऊल अडखळलं, आणि तिला जागच्या जागी उभं राहावं लागलं.

दुपारी तिने मिक्सिंगवाल्याला लिहिलं. ढोल काढ, आधीचे ठोके परत घाल, आणि गाणं संपल्यावर सोबत पाठवलेला तुकडा जसा आहे तसा जोड, शेवटच्या ठोक्यापर्यंत. त्याने विचारलं, शेवटी नुसतेच मंदावणारे ठोके? लोकांना वाटेल स्पीकर बिघडला. तिने लिहिलं, वाटू दे. मग यादीतल्या त्या रिकाम्या जागेसाठी एक ओळ लिहिली. ती लिहायला तिला आजवरच्या कुठल्याही ओळीहून जास्त वेळ लागला.

'ठोके: भिंतीवर, चष्म्याच्या घराने. वाजवणारे माझे वडील, पडल्यावर मदत मागताना. मी ऐकत होते आणि उठले नाही.'

पलीकडून आलं, 'हे असंच टाकायचं?'

'असंच.'

शनिवारी ती गायली. गाण्याआधी तिने ती ओळ वाचून दाखवली. टाळ्या कमी पडल्या, आणि कमी पडल्या तेच तिला बरं वाटलं. पहिल्या रांगेत थोरली बसली होती, शेजारची खुर्ची रिकामी. नंतर चॅटमध्ये अनेकांनी बरंवाईट लिहिलं, काही शेंगदाणे कायमचे निघून गेले. जे राहिले त्यांच्यातल्या कुणी तिची समजूत घालायला लागलं, की ती विषय बदलायची.

निळा शर्ट आठवडाभर कपाटाच्या मुठीलाच होता. मग एक दिवस घडी होऊन आत गेला.

बाबा तिच्याशी बोलत होते, कामापुरतं. आणि एका सोमवारी तिच्या टेबलावरचा लाल दिवा दिसेना. घंटी बाबांनी भिंतीतून काढली होती, तारेसकट, दिव्यासकट, आणि नीट गुंडाळून तिच्या दाराशी ठेवली होती. त्या दुपारी बुटका चाळिसाव्या मजल्यावर असताना भिंतीवर तीन ठोके पडले.

हेडफोन भिरकावूनच ती धावली. बाबा उशीला टेकून बसले होते, चष्म्याचं घर हातात.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "जा."

वीस मिनिटांनी पुन्हा तीन. ती पुन्हा गेली. काही नाही, जा. साडेतीनला पुन्हा. शेंगदाण्यांना रिकामी खुर्ची आणि विहिरीत एकटा उभा बुटका दिसत राहिला. ती दर वेळी गेली, दर वेळी दारात उभी राहिली, आणि दर वेळी बाबांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं.

चौथ्या वेळी ती धापा टाकत दारात आली तेव्हा त्यांनी लगेच जा म्हटलं नाही. घर मिटून उशीशी ठेवलं.

"पाणी दे," ते म्हणाले.